एकाहत्तर झाकणं

शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता शैला बिरनाळे चोर ठरली. ती त्या वेळी सांगलीच्या सेवा केंद्रात आपल्या टेबलाशी बसून एका लॅपटॉपच्या बिजागरीत तेलाचा थेंब सोडत होती. मोबाइल वाजला म्हणून तिनं सहज पाहिलं, तर कंपनीच्या ‘मालकांचे अनुभव’ या पानावर तिच्याचबद्दल लिहिलेलं.

‘दोन वर्षं माझा काजवा लॅपटॉप चार्जर न लावता पळत होता. एक कळ बसली म्हणून केंद्रात दिला. कळ नीट झाली, पण पंधरा दिवसांत झाकण मेलं. विचारायला गेलो तर तिथल्या बाई म्हणतात, झाकणाला हळदकुंकू लावलंत, वॉरंटी गेली. मी म्हणतो, माझं चांगलं झाकण काढून बाईंनी मेलेलं बसवलंय. धनपाल मगदूम, लेथ वर्कशॉप, कुपवाड.’

खाली बेचाळीस जणांनी लिहिलं होतं, ‘आमचंही असंच झालं.’

शैलाला आधी राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. सहा वर्षांत केंद्रातला एक स्क्रू तिनं घरी नेला नव्हता. तासाभरात विभागीय व्यवस्थापक पाठारेसाहेबांचा फोन आला. दहा दिवसांनी, सोमवारी, ते चौकशीला सांगलीत येणार होते. तोवर तिनं कामावर यायचं, पण कुठलंही झाकण बदलायचं नाही.

“साहेब, तुम्हाला खरंच वाटतं मी झाकणं चोरली?”

“मला काय वाटतं त्याला अर्थ नाही, मॅडम. बेचाळीस लोकांना वाटतंय.”

आता हे झाकण म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण काजव्याची सगळी मिजास त्या झाकणावरच होती. स्वस्तातला स्वस्त लॅपटॉप. पडदा मध्यम, कळा खुळखुळ्या, आवाज डब्यातून आल्यासारखा. पण झाकण मिटून अंगणात ठेवलं की तो उन्हावर चार्ज व्हायचा. वर्तमानपत्र छापावं तसे पेरोव्हस्काइट नावाचे स्फटिक प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर छापलेले असायचे. नवीन झाकण भर दुपारी बारा वॅट वीज द्यायचं. लाइट गेली काय, आली काय, काजवावाल्याला फिकीर नसे.

खोट एकच होती. उन्हातले अतिनील किरण त्या स्फटिकांना आतून फोडत. रात्रीच्या अंधारात ते स्फटिक स्वतःला थोडेफार सावरत, पण दिवसाची मोडतोड रात्रीच्या डागडुजीपेक्षा जास्त व्हायची. ते किरण अडवायला वर एक संरक्षक थर दिला होता; स्वस्त लॅपटॉपचा थरही स्वस्तच, सहा महिन्यांत निकामी होणारा. त्यानंतर महिन्याभरात झाकण दोन वॅटवर यायचं. काजवावाले त्याला ‘झाकण मेलं’ म्हणत. मग बिचारे चार्जर शोधायला लागत.

आणि हे झाकण बनवलं होतं शैलाच्या धाकट्या बहिणीनं. डॉक्टर संज्योत, पुण्यातल्या कंपनीच्या प्रयोगशाळेत. शैलाला तिचा कोण अभिमान! त्यामुळे झाकण मेल्याची तक्रार आली की तिची नजर आधी मालकाची काय चूक झाली ते शोधायची. कुणी उन्हात जास्त ठेवलेलं, कुणी स्टिकर लावलेलं, आणि मगदूमांसारखे हळदकुंकूवाले. ‘मालकाची चूक’ हा शिक्का तिच्या हातात अगदी बसून गेला होता.

त्या शुक्रवारी तिनं ठरवलं, आपण चोर नाही हे आपणच सिद्ध करायचं. ‘मालकांचे अनुभव’ उघडून पहिल्यापासून वाचायला घेतले. चार हजार अनुभव होते. एरवी ती फक्त शिव्या वाचायची, कारण त्यांना उत्तर देणं तिचं काम होतं. ज्यांचं बरं चाललंय त्यांना उत्तर द्यावं लागत नाही, म्हणून ते कुणी वाचतही नाही. पण आता तिनं तेही वाचले.

दुपारपर्यंत तिला अकरा माणसं सापडली, ज्यांची झाकणं दोन वर्षांनंतरही जिवंत होती. नियमानं हे शक्यच नव्हतं. एक पिठाच्या गिरणीचा मालक, ‘चार्जरचं खोकं अजून फोडलेलं नाही’ म्हणणारा. एक गॅरेजवाला, दोन यंत्रमागवाले, एक छापखाना, एक वेल्डिंगवाला, एक रसवंतीगृह. बाकीचेही असेच. विद्यार्थी एक नाही, मास्तर एक नाही, ऑफिसातला बाबू एक नाही.

शैला खुर्चीत ताठ बसली. सगळे यंत्रवाले! तिनं त्यांनी टाकलेले फोटो मोठे करून पाहिले. प्रत्येक झाकणावर एक मंद नारिंगी तकाकी होती. तिला ही तकाकी चांगलीच माहीत होती. तिच्या लेखी तो मळ होता. कंपनीच्या पुस्तिकेतला पहिला नियमच होता, की केंद्रात आलेला प्रत्येक काजवा आधी स्पिरिटनं पुसून लख्ख करायचा. हा नियम तिला फार आवडायचा. ती दोनदा पुसायची.

तिनं केंद्राची नोंदवही काढली. ‘झाकणावर हळदकुंकू आढळले. पुसले.’ दोन वर्षांत अशा नोंदी एकाहत्तर. सगळे लॅपटॉप कळेसाठी, स्पीकरसाठी, बिजागरीसाठी आलेले. झाकणाची तक्रार घेऊन त्यातला एकही आला नव्हता. आणि एकाहत्तरच्या एकाहत्तर जण महिन्याभरात परत आले होते, मेलेलं झाकण घेऊन.

“अगं बाई,” ती स्वतःशीच म्हणाली, “मीच मारली की काय?”

शनिवारी ती मगदूमांच्या वर्कशॉपवर गेली. साठीचे धनपाल मगदूम लेथपाशी उभे होते. तिला बघून त्यांनी यंत्र बंद केलं, पण आवाज चालू ठेवला.

“काय ओ बाई, झाकण परत द्यायला आलायसा व्हय?”

“काका, आधी तुमचा काजवा दाखवा. मग काय बोलायचं ते बोला.”

तिनं बिजागरी उघडून झाकणाच्या आतल्या कडेवरचा छापील क्रमांक दाखवला. मग त्यांच्याच खरेदीच्या कागदावरचा. दोन्ही एकच. मगदूमांनी चष्मा कपाळावर चढवला, खाली घेतला, पुन्हा चढवला. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांचा आवाज उतरला.

“म्हंजे झाकण माझंच हाय. मग मेलं कशानं?”

“तेच विचारायला आलेय. खंडेनवमीला याची पूजा कशी करता?”

“लेथची करतो तशीच. कुंकू तेलात कालवायचं, बोटानं स्वस्तिक काढायचं. यंत्राला पाणी लावायचं न्हाई, गंजतंय. दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्यानं पुसलं की सगळीकडं पसरतंय, जरा चमकतंय बी. घरातली बायकामाणसं पाण्यात कालवतात, आमी तेलात. का ओ?”

शैलाला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण ती अजून आरोपी होती.

दुपारी तिनं संज्योतला फोन केला. संज्योतनं सगळं ऐकून घेतलं आणि हसली.

“ताई, तुझ्या पाया पडते, हे प्रयोगशाळेत कुणाला सांगू नकोस. हळदकुंकवानं लॅपटॉप चालतो म्हणे! उद्या लोक नारळ फोडतील.”

“मी कुठं म्हणतेय देव पावला म्हणून? मी म्हणतेय काहीतरी होतंय.”

“काहीतरी होतंय असं वाटणं आणि होणं यात फरक असतो. मोजून दाखव.”

एवढं पुरे होतं. लहानपणी गणितात अडली की संज्योत शैलाकडेच यायची, हे ती डॉक्टर विसरली असली तरी शैला विसरली नव्हती. भंगारात जायला ठेवलेली आठ मेलेली झाकणं तिनं काढली. चार तशीच ठेवली, चारांवर घरच्या डबीतलं कुंकू तेलात कालवून चोळलं, आणि केंद्राच्या गच्चीवर मांडली. रोज दुपारी बाराला मीटर लावायचा. बदलायची बंदी होती, मोजायची नव्हती.

रविवारी आठही झाकणं दोन वॅट. सोमवारी दोन. मंगळवारी कुंकवाची चार उलट पावणेदोनवर आली. शैलानं तो आकडाही लिहून ठेवला. चौकशी सहा दिवसांवर आली होती, आणि तिच्या हातात होती चार लाल झाकणं आणि बहिणीचं हसू.

अशा वेळी माणूस ज्याच्याशी भांडण झालंय त्याच्याकडेच जातो. ती मगदूमांकडे गेली. त्यांच्या पत्नी, पद्माकाकू, चहा घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी शैलानं सगळं सांगून पुढे केलेली कुंकवाची डबी उघडली, चिमूट तळहातावर चोळली आणि नाक मुरडलं.

“ह्ये कुंकू न्हवं, रंग हाय. बाजारातलं. आमच्या घरात असलं येत न्हाई. मी करते. हळकुंडं लिंबाच्या रसात आन् टाकणखारात मुरवायची, सावलीत वाळवायची, कुटायची. आमच्या भागातली समदी यंत्रवाली माझ्याकडनंच न्हेत्यात.”

शैलानं चहा तसाच ठेवला आणि काकूंकडून वाटीभर कुंकू मागून घेतलं. त्याच संध्याकाळी तिनं भंगारातल्या आणखी चार मेलेल्या झाकणांवर ते तेलात कालवून चोळलं, कोरड्या फडक्यानं पुसलं.

बुधवारी दुपारी अडीच वॅट. तिनं मीटर हलवून पाहिला. गुरुवारी साडेतीन. शुक्रवारी पाच! पाच वॅटवर काजवा चालतो. ती गच्चीवर एकटीच टाळ्या वाजवत सुटली. शेजारच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी कपडे वाळत घालता घालता विचारलं, “काय लागलं हो, लॉटरी?” शनिवारी साडेसहा. तिनं चारही झाकणांवरच्या आकड्यांचे फोटो संज्योतला पाठवले. सोबत एक शब्द लिहिला नाही.

दोन मिनिटांत फोन आला. या वेळी हसू नव्हतं.

“ताई, टाकणखार म्हणालीस? नक्की टाकणखार, म्हणजे बोरॅक्स?”

“आणि लिंबू.”

“थांब, थांब, थांब.” पलीकडे खुर्ची सरकल्याचा, काहीतरी पडल्याचा आवाज आला. “ऐक. हळदीचा जो रंग असतो ना, तो अतिनील प्रकाश गिळतो आणि त्याच्या बदल्यात हिरवा-पिवळा प्रकाश बाहेर टाकतो. म्हणजे स्फटिकाला मारणारे किरण घेतो आणि त्याला हवा तो प्रकाश देतो. हे आम्हाला माहीत होतं गं! पण नुसती हळद उन्हात चार दिवसांत उडते, म्हणून आम्ही तो नाद सोडला. टाकणखारात बोरॉन असतं. लिंबाच्या आंबटपणात ते हळदीच्या रेणूला चिमट्यासारखं धरून बसतं. मग रंग लाल होतो आणि उन्हात टिकतो. आणि तेलामुळे तो वरच्या थराच्या छिद्रांत मुरतो! दिवसाची मोडतोड थांबली की रात्रीची डागडुजी वरचढ ठरते. ताई, मेलेलं झाकण जिवंत होतंय! मी चार वर्षं शोधतेय हे. मी निघालेच.”

रविवारी सकाळी संज्योत सांगलीत हजर. हातात उपकरणांची पेटी, केस विस्कटलेले. गच्चीवर जाऊन तिनं प्रत्येक झाकण तपासलं. साडेसात वॅट. ती लहान मुलीसारखी नाचली, मग नोंदवही मागितली आणि वाचता वाचता एका पानावर थांबली.

“एकाहत्तर लोक. ही झाकणं ‘मालकाची चूक’ म्हणून तू मला कळवलीस. आणि बाकीची? नुसती उन्हानं मेलेली? त्यांच्यावरही शिक्का?”

“बऱ्याच जणांवर.”

“म्हणजे दोन वर्षं माझं झाकण वर्षाच्या आत आपसूक मरत होतं आणि मला ते माहीतच नव्हतं?”

“तुला वाईट वाटू नये म्हणून—”

“मला वाईट वाटायलाच हवं होतं गं!” संज्योतचा आवाज चढला. “वाईट वाटलं असतं तर मी दोन वर्षांपूर्वीच तुझ्या या गच्चीवर आले असते!”

शैलानं नोंदवही मिटली. शिक्का मारताना आपण बहिणीची पाठराखण करतोय असं तिला वाटायचं. प्रत्यक्षात तिनं संज्योतचा रस्ता अडवला होता, आणि शेकडो लोकांना त्यांच्याच घरात गुन्हेगार ठरवून मोकळी झाली होती. चोरीचा आरोप खोटा होता म्हणून ती आठवडाभर जळत होती. हे मात्र खरं होतं, आणि त्याचा आरोप तिच्यावर कुणी केलाच नव्हता. ती खूप रडली. संज्योतनं तिला रडू दिलं आणि मग आपल्या रुमालानं तिचं नाक पुसलं.

सोमवारी अकरा वाजता पाठारेसाहेब आले. मगदूम आणि पद्माकाकू साक्षीला आले होते. काकूंनी सोबत कुंकवाचा डबाच आणला होता. शैलानं आधी झाकणाचे क्रमांक दाखवले. एकही झाकण बदललेलं नाही, हे दहा मिनिटांत स्पष्ट झालं. मगदूम उभे राहिले आणि म्हणाले, “बाईंवर म्या घेतलेला आळ खोटा हाय. तसं लिवून देतो.”

मग सगळे गच्चीवर गेले. साडेआठ वॅट. पाठारेसाहेबांनी मीटर स्वतः लावून पाहिला, झाकणावर सावली धरून पाहिली, सावली काढून पाहिली. त्यांचा टाय वाऱ्यानं खांद्यावर गेला तरी त्यांना भान नव्हतं.

“डॉक्टर, म्हणजे आपण विकलेली सगळी झाकणं वाचवता येतील?”

“सगळी नाही, पण निम्म्याहून जास्त. लेप लावायला पाच मिनिटं पुरतात. आणि हे काकूंच्या पद्धतीवरून आलंय, तेव्हा लेपावर पहिलं नाव त्यांचं.”

“माझं कशाला,” काकू म्हणाल्या, पण डबा त्यांनी जरा वर धरला.

खाली आल्यावर पाठारेसाहेबांनी एक कागद शैलापुढे सरकवला. आवाज मऊ केला होता. “मॅडम, तुमच्यावरचा आरोप संपला. आता हे एवढं करा. जुन्या एकाहत्तर तक्रारींवर ‘मालकांनी वॉरंटीचा नियम मोडला’ असं लिहून सही करा. लेप आपण नवीन शोध म्हणून बाजारात आणू. मागचं उकरलं तर कंपनीवर येईल. आणि पुसलंय तुम्हीच, म्हणजे तुमच्यावरही येईल. नोकरी राहील की नाही, मी सांगू शकणार नाही.”

शैलानं पेन उचललं. दहा दिवसांपूर्वी ती या सहीसाठी काहीही द्यायला तयार झाली असती. आता नाव स्वच्छ राहायला हीच एक सही बाकी होती, आणि ती केली की एकाहत्तर जणांची नावं कायमची मळणार होती. तिनं संज्योतकडे पाहिलं. संज्योतची नजर नोंदवहीवर होती.

शैलानं कागदावर लिहिलं, ‘मालकांची चूक नाही. झाकणावरचा लेप मी पुसला. शैला बिरनाळे.’ आणि सही केली.

“विचार करा,” पाठारेसाहेब म्हणाले.

“केला, साहेब. हे कागद तुम्ही न्या. कळवायचं काम मी करते, आत्ताच.”

कुणी अडवायच्या आत तिनं नोंदवही उघडली आणि पहिला नंबर लावला. माधवनगरच्या रत्नाबाई लोंढे, सूतगिरणीतून निवृत्त. नातीच्या काजव्याची पहिली पूजा त्यांनी केली होती, गिरणीतल्या सवयीनं तेलात कालवलेल्या घरच्या कुंकवानं. फोन बराच वेळ वाजला. मग एक खोल गेलेला, जपून बोलणारा आवाज आला.

“कोण बोलतंय?”

“आजी, मी काजव्याच्या केंद्रातून शैला. दोन वर्षांपूर्वी तुमच्या नातीचा लॅपटॉप बंद पडला होता ना?”

“व्हय.” आवाज आणखी बारीक झाला. “मी कुंकू लावलं म्हणून. आता त्याचं काय? घरात अजून बोलतात मला. मी त्या पोरीच्या कुठल्याच वस्तूला हात लावत न्हाई आता.”

शैलानं फोन कानाशी घट्ट धरला. “आजी, कुंकवानं तो बंद पडला नव्हता. कुंकवानं तो चालत होता. तुम्ही लावलंत ते बरोबर होतं. मी ते पुसलं, म्हणून बंद पडला. चूक माझी होती.”

पाठारेसाहेब, मगदूम, काकू, संज्योत, सगळे फोनकडे बघत राहिले. मग म्हातारीनं फोन तोंडापासून लांब नेला असावा, कारण आवाज घरातल्या कुणाकुणाला हाक मारत होता, आणि तो पहिल्यापेक्षा दहापट मोठा होता.

“अगं ए सुरेखा! संपत! भाईर या समदी! फोनवर बाई काय सांगत्यात ऐका! माझी चूक न्हवती!”

शैलानं फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. मग तिनं पहिल्या नावापुढे खूण केली आणि दुसऱ्या नावावर बोट ठेवलं.